डॉर्सेटच्या खेड्यात सासरचं मूळ शोधतेय, खापरपणजोबांच्या वडलांचं नावच मिळत नाहीये

डॉर्सेटची_सून

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, गेली अकरा वर्षं इंग्लंडात रेडिंग गावी, नवरा इंग्लिश. सासरे गेल्या वर्षी गेले, घर आवरताना एका पत्र्याच्या डब्यात त्यांच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या मुलीच्या खापरपणजोबांचं, लग्नाचं सर्टिफिकेट मिळालं, १८८९ चं, डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्डजवळच्या एका छोट्या गावातल्या चर्चचं. नवरीच्या वडलांचं नाव आहे, कामधंदा आहे, पण नवऱ्यामुलाच्या वडलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मग १८७१ चा सेन्सस काढला तर हा मुलगा तीन वर्षांचा, आजीआजोबांकडे, नात्याच्या रकान्यात नातू, आजोबा शेतमजूर आणि आजोबांचं जन्मगाव मिल्टन ॲबस. आईवडलांचा पत्ताच नाही, आणि इथे मी अडकलेय.

आमच्याकडे छापलेला कुलवृत्तांत आहे, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही मी स्वतः बघितलीय, त्यामुळे इकडे घरात कुणाला आजोबांच्या पलीकडचं काहीच ठाऊक नाही याचं फार वाईट वाटतं. सासूबाई म्हणतात, ती मजूर माणसं, त्यांचं कोण कशाला लिहून ठेवेल. पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला दोन्ही घरं कळायला हवीत. पुढे कुठे बघू?

जुनी_पानं

ताई, सासूबाईंना सांगा की इंग्लंडात गरिबांचं बरंच लिहून ठेवलंय, कारण गरीब माणूस म्हणजे पॅरिशचा, म्हणजे एका चर्चखालच्या गावाचा, खर्च आणि खर्च आला की हिशेब आलाच. त्याकडे येते, आधी तुमची रेघ.

जीआरओ म्हणजे तिथलं जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय, त्याची स्वतःची ऑनलाइन इंडेक्स आहे, खातं उघडलं की फुकट बघता येते, त्यात १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव दिलंय. त्या खापरपणजोबांच्या नावासमोर त्या जागी पण रेघ असेल तर बहुतेक आईचं लग्न झालेलं नव्हतं आणि बाळाला तिचंच आडनाव लागलं. मग बाप्तिस्मा शोधा. डॉर्सेटला नशीब चांगलं आहे, डॉर्सेट ओपीसी म्हणून साइट आहे, एकेका पॅरिशचं काम एकेका स्वयंसेवकाने अंगावर घेतलंय, रजिस्टरं वाचून टाइप करून फुकट ठेवलीयेत. १८१३ पासून बाप्तिस्म्याचे छापील फॉर्म आले, त्यात वडलांच्या कामधंद्याचा रकाना असतो, तिथे बऱ्याचदा 'सिंगल वुमन' लिहिलेलं सापडतं. आणि बाळाचं मधलं नाव नीट बघा. मधलं नाव एखाद्या आडनावासारखं वाटत असेल तर कधीकधी आईने बापाचं आडनाव तिथे ठेवलेलं असतं. पुरावा नाही हा, पण धागा असतो.

१८४४ नंतर अशी आई बापाकडून पोटगी मागायला थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकायची, पेटी सेशन्स म्हणतात त्याला. ती रजिस्टरं टिकली असतील तर डॉर्चेस्टरला डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये असतील. तेव्हाचे लोकल पेपरसुद्धा चाळा, कोर्टाच्या बातम्या नावानिशी छापायचे.

आता त्या मुलाच्या आजोबांकडे या, कारण नुसत्या बापाच्या मागे लागून लोक हाती असलेली बाजू सोडून देतात. १८५१ पासून सेन्ससमध्ये जन्माचं पॅरिश लिहिलंय, पण १८४१ मध्ये फक्त याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला का एवढंच, आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो, त्याने गोंधळू नका. त्याच्या मागे चर्चची रजिस्टरं, ती ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडची तेवढी जुनी टिकलेली नाहीत, फाटली, भिजली, उंदरांनी खाल्ली. एखादं पान गेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायची नक्कल असायची, ती बघायची.

आणि गरिबांचे कागद. १६६२ च्या कायद्याने प्रत्येकाचं एक हक्काचं पॅरिश ठरायचं, मदत तिथेच मिळायची. दुसऱ्या गावात माणूस अडचणीत आला की त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून विचारायचे, जन्म कुठे, वर्षभर चाकरीला कुणाकडे होतास, पगार किती, लग्न कधी. उत्तरं शपथेवर लिहून घेतलेली. निरक्षर मजुराची अख्खी कहाणी एका कागदावर येते आणि खाली त्याची सही म्हणून फुली. मी पहिल्यांदा असा कागद हातात घेतला तेव्हा बराच वेळ नुसती त्या फुलीकडे बघत बसले होते. तुमच्या त्या मुलाचे आजोबा मिल्टन ॲबस सोडून दुसऱ्या गावात आलेत म्हणजे त्यांचाही असा कागद असू शकतो, नक्की विचारा.

एकच विनंती, दुसऱ्यांनी ऑनलाइन टाकलेली वंशवृक्षं उचलू नका, एकाची चूक चाळीस जणांनी कॉपी केलेली असते.

नकाशावाला

मिल्टन ॲबस वाचून थांबलोच. आज तिथे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली सारखी घरं दिसतात, फोटो काढायला लोक येतात. पण मूळचं गाव ते नव्हेच. तिथे मिडलटन नावाचं जुनं बाजाराचं गाव होतं, जोसेफ डेमर म्हणजे लॉर्ड मिल्टन याला आपल्या वाड्यासमोर ते नको होतं, त्याने अठराव्या शतकाच्या शेवटी एकेक घर ताब्यात घेऊन पाडलं आणि थोड्या लोकांपुरतं नवीन गाव पलीकडे दरीत वसवलं. त्या मुलाचे आजोबा १८०० च्या आसपासचे असतील तर त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांदेखत हे झालंय. धरणाखाली गाव गेलेली आपल्याकडची माणसं हे लगेच समजतील.

ताई, ज्या गावात मुलगा वाढला तिथला टाइद मॅप पण काढा. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यायचा धान्याचा दशांश रोखीत बदलला, त्यासाठी पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक पॅरिशांचे नकाशे झाले. सोबत यादी असते, प्रत्येक तुकड्याला नंबर, मालक कोण, कसतो कोण, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र एकर-रूड-पर्च या जुन्या इंग्रजी मापांत. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला अर्ध्या तासात कळतं. मजुराचं नाव बहुतेक खोपटापुढे कसणारा म्हणून येतं आणि आजूबाजूला मालक कोण ते दिसतं.

मोडीप्रेमी

थोडंच लिहितो. १७३३ च्या आधीचे कोर्टाचे आणि मॅनरचे, म्हणजे जमीनदारीचे, कागद बहुतेक लॅटिनमध्ये, घाबरू नका, ठरावीक वीस-तीस शब्दच परत परत येतात. अक्षर मोडीसारखंच, आधी ओळखीची नावं शोधायची, त्यातून त्या लिहिणाऱ्याची वळणं पकडायची आणि मग बाकीचं. आणि १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने १७२१.

डॉर्सेटची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री बसले. जीआरओमध्ये रेघच आहे. बाप्तिस्मा ओपीसीवर सापडला, आईचं नाव आहे, पुढे सिंगल वुमन. मधलं नाव खरंच आडनावासारखं आहे आणि १८७१ च्या सेन्ससमध्ये त्याच आडनावाचा शेतकरी तीन घरं सोडून राहतो. मी काही ठरवत नाहीये अजून. आई त्याच सेन्ससमध्ये पूल नावाच्या गावी एका घरी कामाला सापडली, वय बावीस, आणि मुलगा इकडे आजीकडे. कितीदा भेटायला जमलं असेल तिला? ते वाचून मला रडू आलं.

सासूबाईंना सांगू का? त्या जुन्या वळणाच्या आहेत, आणि सासऱ्यांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे.

जुनी_पानं

सांगा ताई, पण फोनवर नको, समोर बसून. आईच्या नावापासून सुरू करा, बापापासून नको. तिने मुलाला नाव दिलं, चर्चमध्ये नेलं, आईबापांनी सांभाळलं, त्याचं पुढे रीतसर लग्न झालं. यात लपवण्यासारखं काय आहे? त्या शेतकऱ्याचं मात्र पेटी सेशन्स बघेपर्यंत बोलू नका.

डॉर्सेटची_सून

सांगितलं काल. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या तिचं नाव परत सांग, आणि त्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवून त्यावर लिहिलं. गुरुवारी आम्ही दोघी डॉर्चेस्टरला जातोय, मुलीला पण नेतेय. काय काय न्यायचं?

जुनी_पानं

फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र, आणि हवे असलेले कागद आधी ईमेल करून मागवून ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिली न्या, मुलीसाठी एक जास्तीची.