रद्द केलेली ऑर्डर पूर्ण झाली : शेअर विकावेत की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ठेवावेत?

नमस्कार. एका व्यवहारावरून माझा ऑनलाइन ब्रोकरशी वाद सुरू असून, पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

मी एका शेअरच्या खरेदीसाठी लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाला किंवा त्याहून कमी भावानेच खरेदी व्हावी अशी ऑर्डर) लावली होती. भाव त्या पातळीवर येण्याआधीच ती रद्द केली आणि ११:४२ वाजता ॲपवर ती 'रद्द' झाल्याचे दिसले. त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. संध्याकाळी आलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये (ब्रोकर पाठवतो त्या व्यवहाराच्या अधिकृत तपशिलात) मात्र तीच ऑर्डर ११:४७ वाजता पूर्ण झाल्याची नोंद आहे, आणि दिवसअखेरच्या एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) एसएमएसमध्येही ती खरेदी दाखवली आहे. ब्रोकरला लगेच ईमेल केला, तेव्हा 'आपली ऑर्डर एक्स्चेंजच्या नियमांनुसार पूर्ण झाली आहे' एवढेच उत्तर आले. मधल्या पाच मिनिटांबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि तक्रारीवर 'निराकरण झाले' असा शिक्का मात्र मारून मोकळे झाले.

दरम्यान शेअर डीमॅट खात्यात जमा झाले असून भाव खाली येत आहे. विकले तर मी हा व्यवहार मान्य केला असा अर्थ निघेल का? न विकता ठेवले तर वाढलेला तोटा माझ्याच माथी येईल का? शिवाय ब्रोकरकडून नेमकी कोणती कागदपत्रे मागावीत?

प्रतिसाद :

आधी तक्रारीच्या शब्दांकडे पाहा. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने जपायचा असतो आणि वाद झाल्यास तो सादर करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. पण तुम्ही 'अनधिकृत व्यवहार' असे लिहिलेत, तर ब्रोकर तुमच्या लॉगिनची नोंद पुढे करून ऑर्डर तुम्हीच दिली होती असे दाखवील, आणि ते खरेच आहे. तुमचा मुद्दा वेगळा आहे : ऑर्डर रद्द झाल्याचे कळवल्यानंतर ती पूर्ण झाली. तक्रार त्याच शब्दांत करा.

स्क्रीनशॉट उपयोगी आहे, पण त्यावरची वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाची आहे. खरा पुरावा ऑर्डरच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने वेळेसह ठेवलेल्या नोंदींमध्ये, सापडतो. रद्द करण्याची विनंती ब्रोकरच्या सर्व्हरवर केव्हा पोहोचली, तेथून एक्स्चेंजकडे केव्हा गेली (गेली असेल तर), आणि एक्स्चेंजचा होकार किंवा नकार केव्हा आला, या तिन्ही वेळा ऑर्डर क्रमांकासह लेखी मागा. ॲपने एक्स्चेंजच्या होकाराची वाट न पाहताच 'रद्द' दाखवले असेल, तर ते येथेच उघड होईल.

विक्रीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९७ नुसार एजंटाने (येथे ब्रोकरने) केलेल्या कामाला मिळालेली मान्यता वागणुकीवरूनही गृहीत धरता येते, आणि कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते की नुकसान ठरवताना ते टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहिले जाते. म्हणून गप्प बसून शेअर धरून ठेवणे मला दोन्ही बाजूंनी तोट्याचे वाटते. हा व्यवहार मला मान्य नाही, तोटा वाढू नये एवढ्याचसाठी हक्क राखून मी हे शेअर विकत आहे, असा ईमेल आधी पाठवा आणि मगच विक्री करा. क्रम उलटा झाला, तर तो ईमेल नंतरची सारवासारव वाटेल.

उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार करता येते. ब्रोकरला तेथे २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. वाद स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा-निवारण संकेतस्थळावर नेल्यास आधी सलोख्याचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवाद. दोन्हीकडे एकाच वेळी धाव घेऊ नका.

मागणीत 'योग्य ती भरपाई' असे मोघम लिहू नका. खरेदी व विक्रीच्या रकमेतील फरक, दोन्ही वेळची दलाली, रोखे व्यवहार कर आणि मुद्रांक शुल्क यांची बेरीज करून एकच आकडा द्या, आणि त्याला आधार म्हणून दोन्ही कॉन्ट्रॅक्ट नोट व लेजरचा (ब्रोकरकडील तुमच्या खात्याच्या जमाखर्चाचा) उतारा जोडा.