80 हजारांतले 12 हजार केबललाच?

तापीकाठ (भुसावळ): हॉलचं प्लास्टर बाकी आहे. 5.1 (पाच स्पीकर नि एक सबवूफर) बसवायचंय, बजेट 80 हजार. प्रोजेक्टर घरात आहेच. दुकानदार म्हणतो, 12 हजार केबलला ठेवा, आवाज खुलतो. रिसीव्हरपासून (स्पीकरना आवाज नि प्रोजेक्टरला चित्र देणारा डबा) मागचे स्पीकर 10 मीटरवर, प्रोजेक्टर 12 मीटरवर. काय करू?

धुळेकर: खुलतो तो त्याचा गल्ला, भो! 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 7.4 ओहम. जाऊन-येऊन 20 मीटर धर, 0.15 ओहम झाला. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो कुठे लागतो? फक्त वायर अस्सल तांब्याची बघ, वरून तांबं नि आत अॅल्युमिनियम अशीही खपवतात. वाचलेले पैसे सेंटर स्पीकरला घाल, सिनेमातले संवाद बहुतेक त्यातूनच येतात.

सूरपेटी (जळगाव): सगळं मीटरवर कळत नसतं. मी वायर बदलली, तबल्याचा बायां लगेच भरीव वाटला.

धुळेकर: वायर कोणती हे न सांगता घरच्या कुणाला बदलायला लावा, मग सांगा.

सूरपेटी: माझे पैसे, माझे कान.

अमळनेरवाला: स्पीकर वायरचं धुळेकरांचं पटलं. पण तोच हिशोब एचडीएमआयला (प्रोजेक्टरकडे चित्र नेणारी केबल) लावू नका. 4के चित्र, 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 फ्रेम) 18 जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 18 गिगाबिट नेणारी केबल लागते. 12 मीटरवर साधी तांब्याची केबल दगा देते, चित्र मध्येच गायब. तिथे फायबरवाली घ्या, महाग पडली तरी. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरला, ‘डिस्प्ले’ प्रोजेक्टरला. उलटी गाडली तर भिंत फोडा.

धुळेकर: गाडायचीच कशाला? पाईप टाका, उद्या बदलता येते.

अमळनेरवाला: पाऊण इंची टाकाल तर एचडीएमआयचं डोकंच अडकेल. दीड इंची घ्या, एल्बो नको, लांब बेंड. आणि लाईटच्या वायरी त्यात अजिबात नकोत.

चाळीसगावची ताई: केबलवरून भांडताय, रिसीव्हर ठेवणार कुठे? काचेच्या बंद शोकेसमध्ये? भुसावळचा मे महिना, पारा 45 च्या पुढे. रिसीव्हर तापून बंदच पडेल. वरून मोकळी जागा ठेवा, अर्थिंग तपासून घ्या.

तापीकाठ: ताई, शोकेसचीच ऑर्डर दिलीय हो! सुताराला आजच फोन करतो. आप्पा अमळनेरवाले, दीड इंची पाईप छतातून नेऊ की भिंतीतून?

अमळनेरवाला: स्लॅब झाला असेल तर भिंतीतूनच. आत ओढायला नायलॉनची दोरी आत्ताच घालून ठेवा.