मदत हवी आहे: सेसना 172 (चार आसनी छोटं विमान) – पुस्तकातला इंधनाचा खप धरू की पंपाच्या पावतीवरचा?

नमस्कार मंडळी. इथे विमान चालवणारे दोन-चार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. आई-बाबा साताऱ्याहून आलेत. त्यांना आणि बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात लिव्हरमोरहून पासो रोबल्सला जाऊन त्याच दिवशी परत यायचंय. एका बाजूचं अंतर साधारण 134 नॉटिकल मैल. विमान क्लबचं, 172एस. चौघं आणि बॅगा धरून 650 पौंड होतात, त्यामुळे टाक्या काठोकाठ भरता येत नाहीत. टॅबपर्यंत (टाकीच्या तोंडातली खुणेची पट्टी), म्हणजे दोन्ही टाक्या मिळून 35 गॅलनवर थांबावं लागतं.

इथेच ग्यानबाची मेख आहे. विमानाच्या पुस्तकाप्रमाणे ताशी 9 गॅलन धरले, टॅक्सी (जमिनीवरून चालवणं) आणि चढाईचे 3 वेगळे, तर जाऊन-येऊन 25 लागतात, 10 उरतात. झकास. पण मागच्या खेपेला हॉब्स मीटरवर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) 1.9 तास झाले आणि पुन्हा टॅबपर्यंत भरताना पंपावर 20.4 गॅलन लागले! म्हणजे ताशी 10.7. या हिशेबाने परत येईपर्यंत जेमतेम साडेचार उरतील, पंचवीसेक मिनिटांचे. दिवसाच्या उड्डाणाला 30 मिनिटांचं इंधन राखीव धरायचा नियमच आहे. त्यात दुपारी परतताना वायव्येचा वारा नाकावर.

पासो रोबल्सला भरून घेणार हे ठरलंय. पण तिथला पंप बंद निघाला तर?

इंधनाच्या काट्यांवर माझा भरवसा नाही. डिपस्टिक (टाकीत बुडवून मोजायची पट्टी) बुडवली तर डावीकडे 13, उजवीकडे 16. आमचा रॅम्प (विमानं उभी करायची जागा) एका बाजूला उतरता आहे, त्यामुळे 'टॅबपर्यंत' हेही दर वेळी तेवढंच असेल असं नाही. म्हणजे 20.4 हा आकडाही कितपत खरा?

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. अमेरिकेत इंधन संपून किंवा इंजिनापर्यंत न पोचून वर्षाला सरासरी 50 हून जास्त अपघात होत होते, त्यातले 95 टक्के पायलटच्या चुकीने, हे एनटीएसबीचं (अपघातांचा तपास करणारी इथली सरकारी संस्था) 2017 चं पत्रक वाचल्यापासून मलाच झोप नाही.

तर अर्ध्या टाक्यांवर जाणारे तुम्ही ताशी किती धरता? आणि डिपस्टिक कशी पडताळून घेतली?

ता.क.: व्यनितून एकाने विचारलं, मिक्स्चर लीन केलं होतं का (उंचीवर हवेच्या मानाने इंधन कमी करणं)? आठवून पाहिलं. 5,500 फुटांवर मिक्स्चरचा लाल नॉब शेवटपर्यंत आतच, म्हणजे इंधन पूर्ण सुटत होतं. हात लावला नव्हता.