लॉगमध्ये एकही क्वेरी स्लो नाही, तरी स्क्रीन उघडत नाही. शोधायचं कुठे?

तुर्भेकर:
नमस्कार मंडळी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या काही गाळ्यांवर आमचं हिशोबपट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या बिलाचं) ॲप चालतं. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). सकाळी आवक उतरली की सगळे एकदमच पट्ट्या काढायला बसतात आणि 'आजच्या पट्ट्या' ही स्क्रीन उघडता उघडत नाही. मेहताजी फोनवर जे सुनावतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारी मी एकटा उघडतो तेव्हा जराशी अडखळते, पण उघडते. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट (ठरावीक वेळ किंवा जास्त घेणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, लॉगमध्ये नोंदवणारं सेटिंग) ५०० मिलिसेकंदांवर ठेवून बघितलं, तर लॉगमध्ये या स्क्रीनचं नावच नाही. साहेब म्हणतात मोठा सर्व्हर घ्या. मला पटत नाही, पण दाखवायला हातात काही नको?

कोलशेतचा डीबीए:
सर्व्हरवर आत्ता एक रुपयाही घालू नका. तो लॉग एकेका क्वेरीला लागलेला वेळ बघतो, तीच क्वेरी किती वेळा धावली हे मोजत नाही. दोन मिलिसेकंदांची क्वेरी तुमच्या ५०० च्या चाळणीतून आयुष्यभर गळत राहील.

यादीत प्रत्येक पट्टीसमोर शेतकऱ्याचं नाव-गाव आणि हमाली, तोलाई, वाराईच्या कपाती दिसतात ना? टेम्प्लेटमध्ये (स्क्रीनच्या साच्यात) नुसतं पट्टी डॉट शेतकरी डॉट नाव लिहिलं असेल, तर जँगो दर ओळीला डेटाबेसकडे नवी फेरी मारतो. ३०० पट्ट्या धरा: यादीची एक, शेतकऱ्यांच्या ३००, कपातींच्या ३००. एका स्क्रीनला ६०१ क्वेऱ्या! एन प्लस वन म्हणतात तो हाच प्रकार. त्यात सकाळी दहा गाळे एकदम बसले की झालंच.

पुरावा हवा तर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स चालू करा, म्हणजे पोस्टग्रेसचं प्रत्येक क्वेरीचा एकूण वेळ आणि फेऱ्या मोजणारं एक्स्टेन्शन. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये नाव घालून पोस्टग्रेस रिस्टार्ट करावा लागतो (मार्केट चालू असताना नको, मार खाल), मग क्रिएट एक्स्टेन्शन. सकाळी आकडे रीसेट करा आणि गर्दी ओसरली की टोटल_एक्झेक_टाइम (एकूण लागलेला वेळ) उतरत्या क्रमाने लावा. आवृत्ती १३ च्या आधीची असेल तर कॉलमचं नाव टोटल_टाइम. शेजारचा कॉल्सचा (क्वेरी किती वेळा धावली त्याचा) कॉलम साहेबांना दाखवा.

ऐरोली टेस्टर:
दुरुस्त केलंत की लगेच टेस्ट लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रिलीजला कोणीतरी नवा कॉलम जोडतो आणि पुन्हा तेच. आम्ही १० पट्ट्यांवर आणि ५० पट्ट्यांवर तोच ॲसर्टनमक्वेरीज (क्वेऱ्यांची संख्या ठरल्याएवढीच आहे ना हे तपासणारी जँगोची चाचणी) लावतो. पट्ट्या वाढल्या म्हणून क्वेऱ्या वाढता कामा नयेत. पानावरच क्वेऱ्या दाखवणारा डीबग टूलबारही चांगला, पण तो कोणी उघडून बघेल तर ना.

तुर्भेकर:
डीबीएसाहेब, अगदी तसंच निघालं. शेतकरी आयडीवरून शोधणारी क्वेरी सगळ्यात वर, सरासरी वेळ नगण्य, कॉल्स बघून साहेब गप्प. शेतकऱ्याला सिलेक्ट_रिलेटेड (यादीच्याच क्वेरीत जोडून आणणारं) आणि कपातींना प्रीफेच_रिलेटेड (सगळ्या ओळींचं एका वेगळ्या क्वेरीत आणणारं) लावलं. स्क्रीन उघडते आता. पण यादीची मूळ क्वेरी अजून रेंगाळते. एक्सप्लेन ॲनलाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, आणि 'रोज रिमूव्हड बाय फिल्टर'चा, म्हणजे वाचून गाळलेल्या ओळींचा, आकडा जवळपास अख्ख्या टेबलाएवढा. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे हो!

कोलशेतचा डीबीए:
फिल्टर डबल-अंडरस्कोर-डेटने (वेळेतून फक्त तारीख ताडणाऱ्या जँगोच्या सोयीने) केलाय का? टाइमझोन चालू असला की जँगो आधी प्रत्येक नोंदीची वेळ भारतीय वेळेत नेतो, मग तारीख काढून ताडतो. इंडेक्स मूळ कॉलमवर आहे, या हिशेबाच्या उत्तरावर नाही, म्हणून तो वापरलाच जात नाही. आजची मध्यरात्र किंवा नंतर आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आधी, अशी सरळ रेंज द्या, तोच इंडेक्स कामाला येईल.

आणि एक सांभाळा. एक्सप्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतो. अपडेट-डिलीट तपासायचं झालं तर आधी बिगिन (व्यवहार सुरू), शेवटी रोलबॅक (केलेले बदल रद्द), आणि तेसुद्धा टेस्टच्या कॉपीवर.