बायोसमध्ये मायक्रोकोड बदलणे: कुठे अडतं, कसं सुटतं

जुन्या मदरबोर्डांना कंपनीकडून नवीन बायोस (मशीन चालू करणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) येणं बंद होतं, पण त्यावरच्या प्रोसेसरसाठी इंटेल पुढे काही वर्षं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामातल्या दुरुस्त्या) काढत राहते. मधली दरी भरायला मग यूबीयू, एमएमटूल, यूईएफआयटूल ही बायोसची फाइल उघडून बदलणारी मंडळी लागतात. ज्यांनी हे हाताने केलं आहे त्यांनी इथे लिहावं. बोर्ड आणि प्रोसेसर कुठला, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलात, साधन कुठलं आणि नेमकं काय बिघडतं, एवढं हवं. पाल्हाळ नको.

सुरुवात मीच करतो. मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा बसत नाही. मशीन बंद झालं की तो गेला. दर वेळी चालू होताना बायोस तो पुन्हा भरतं. नंतर विंडोज किंवा लिनक्स स्वतःकडचा अधिक नवा असेल तर त्यावर चढवतं. त्यामुळे बायोसला हात लावायची गरज आहे का, हे आधी बघा. विंडोजच्या रजिस्ट्रीत हार्डवेअर, डिस्क्रिप्शन, सिस्टिम, सेंट्रल प्रोसेसर, ० या वाटेने गेलं की ‘अपडेट रिव्हिजन’ आणि ‘प्रीव्हियस अपडेट रिव्हिजन’ अशा दोन नोंदी सापडतात. दुसरी बायोसने भरलेली, पहिली सध्या चालू असलेली. आठ बाइट दिसतात, त्यातले पहिले चार शून्य. ‘०० ०० ०० ०० २८ ०० ०० ००’ म्हणजे आवृत्ती २८, आणि हा आकडा हेक्समधला (१६ च्या पायावरचा). लिनक्सवर प्रोसेसरच्या माहितीत मायक्रोकोडची ओळ असते, तीच बघा.

एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय५ (३०६सी३)

३०६सी३ हा सीपीयूआयडी, म्हणजे प्रोसेसरच्या जातीचा ओळख क्रमांक; हा डेस्कटॉप हॅसवेलचा (चौथी पिढी). २०१७ च्या सुरुवातीची आवृत्ती २२ बऱ्याच बोर्डांच्या शेवटच्या बायोसमध्ये असते. इंटेलची शेवटची २८, तिच्यावर तारीख १२ नोव्हेंबर २०१९. तिसऱ्या पिढीच्या आयव्ही ब्रिजसाठी (३०६ए९) शेवटची २१, दुसऱ्या पिढीच्या सँडी ब्रिजसाठी (२०६ए७) २एफ, दोन्ही फेब्रुवारी २०१९ च्या.

यूबीयूच्या फोल्डरमध्ये बायोसची फाइल टाकायची, बॅच फाइल चालवायची, मायक्रोकोडचा पर्याय निवडायचा. एमएमटूल एएमआय या बायोस बनवणाऱ्या कंपनीचं असल्याने यूबीयूच्या नंतरच्या आवृत्त्यांसोबत ते येत नाही, वेगळं आणून त्याच फोल्डरमध्ये ठेवावं लागतं. ॲप्टिओ ४ आणि ॲप्टिओ ५ (एएमआयच्या बायोसच्या दोन पिढ्या) यांची एमएमटूल वेगवेगळी आहेत. चुकीचं लावलं तर फाइल उघडतच नाही, किंवा उघडते आणि जतन करताना वाट लावते. दुसरा प्रकार जास्त वाईट.

मायक्रोकोडची फाइल घेताना नावाकडे नीट बघा. एमसी एक्स्ट्रॅक्टरने (बायोसमधून मायक्रोकोड वेगळे काढणारं साधन) काढलेल्या फाइलच्या नावात सीपीयूआयडी, प्लॅटफॉर्म (कुठल्या प्रकारच्या बोर्डासाठी ते), आवृत्ती, तारीख आणि पीआरडी किंवा पीआरई असं सगळं असतं. पीआरडी म्हणजे विक्रीतल्या प्रोसेसरचा; पीआरई म्हणजे बाजारात येण्याआधीच्या नमुन्यांचा, तो घ्यायचा नाही.

वरच्याला जोड, एफआयटीबद्दल

यूबीयूने ‘झालं’ म्हटलं की लोक लगेच फ्लॅश करतात (बदललेलं बायोस चिपवर लिहितात), आणि बोर्ड मरतात ते इथेच. एफआयटी म्हणजे फर्मवेअर इंटरफेस टेबल. बायोसची पहिली सूचना चालण्याआधी प्रोसेसर हे टेबल वाचतो आणि त्यात लिहिलेल्या पत्त्यावरून मायक्रोकोड उचलतो. पत्ता चुकला तर पडदा काळाच राहू शकतो.

गणित हाताने करून बघा. ३०६सी३ ची आवृत्ती २२ आहे २२,५२८ बाइटची, २८ आहे २३,५५२ ची. फरक १,०२४, म्हणजे हेक्समध्ये ४००. फाइलमध्ये हा मायक्रोकोड पहिला असेल तर त्याचा स्वतःचा पत्ता तसाच राहतो, पण त्याच्या मागचे सगळे ४०० ने पुढे सरकतात. एफआयटीतल्या त्यांच्या नोंदीही तेवढ्याच सरकायला हव्यात.

टेबल शोधायचं कसं? मेमरीतल्या ४ जीबीच्या पत्त्याखाली हेक्स ४० बाइटवर, म्हणजे फाइलच्या शेवटापासून ६४ बाइट मागे, टेबलचा पत्ता असतो. तिथे गेलं की ‘_एफआयटी_’ ही खूण रोमन अक्षरांत दिसते. प्रत्येक नोंद १६ बाइटची, पहिले आठ बाइट पत्ता (उलट्या क्रमाने लिहिलेला), प्रकार ०१ म्हणजे मायक्रोकोड. ८ एमबीच्या चिपसाठी पत्त्यातून एफएफ८००००० वजा केलं की फाइलमधली जागा मिळते. म्हणजे एफएफई४००९० असेल तर फाइलमध्ये ६४००९० वर जायचं. तिथे मायक्रोकोडचं शीर्ष दिसलं पाहिजे: ‘०१ ०० ०० ००’, मग आवृत्ती, मग तारीख, मग सीपीयूआयडी. तारीख महिना-दिवस-वर्ष अशी असते आणि तीही बाइट उलटून दिसते, म्हणून १२ नोव्हेंबर २०१९ हेक्स एडिटरमध्ये ‘१९ २० १२ ११’ अशी वाचायची. ती नाही दिसली तर फ्लॅश करू नका.

एवढा उद्योग नको असेल तर यूईएफआयटूलची ‘एनई’ (न्यू इंजिन) आवृत्ती एफआयटी वेगळ्या टॅबमध्ये दाखवते. पण ती फक्त बघायला. बदल करायला जुनं इंजिन, म्हणजे ०.२८ वगैरे. दोन्ही शेजारी उघडी ठेवून काम करणं सर्वांत सुखाचं.

जागा कमी पडत असेल तर ३०६सी१, ३०६सी२ असे चाचणी नमुन्यांचे मायक्रोकोड काढून टाकता येतात. मोकळी झालेली जागा एफएफने भरायची, शून्याने नाही.

नवीन तेच चांगलं, असं नाही

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर (प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी) बाहेर आलं तेव्हा हॅसवेलसाठी घाईने आलेल्या आवृत्ती २३ मुळे मशीनं आपोआप रीबूट व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच ती वाटणं थांबवायला सांगितलं. २३ चा आकार आणि २८ चा आकार सारखाच आहे, २३,५५२. त्यामुळे जुन्या गोळा केलेल्या फाइलींच्या ढिगातून उचलताना आकार बघून फसू नका, तारीख बघा.

आणखी एक. ज्यांनी एच८१, बी८५ वर के मालिकेचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर) ठेवला आहे, त्यांची ती सोय नव्या मायक्रोकोडने जाऊ शकते. आधी ठरवा काय हवं ते.

फ्लॅश करताना येणाऱ्या चुका

इंटेलचं एफपीटी (फ्लॅश प्रोग्रामिंग टूल) वापरताना आधी फक्त बायोसचा भाग वाचून घ्यायचा आणि त्याच फाइलमध्ये बदल करायचा. कंपनीच्या वेबसाइटवरची फाइल थेट चिपवर लिहिली तर नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, बोर्डचा अनुक्रमांक आणि एमईची (इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन) मांडणी पुसली जाते. मग लॅन चालत नाही म्हणून रडायचं.

चूक क्रमांक २६ म्हणजे चिपच्या त्या भागाला हात लावायची परवानगी नाही, डिस्क्रिप्टरला (चिपच्या भागांचा आणि परवानग्यांचा तक्ता) कुलूप आहे. २८० म्हणजे बायोसची लिहिण्याची बंदी उठली नाही. दोन्हीत जबरदस्ती करून उपयोग नाही, प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) घ्या.

फ्लॅश करताना यूपीएस हवाच. अर्ध्यात लाइट गेली तर पुढचा परिच्छेद वाचावा लागेल.

प्रोग्रामर: सीएच३४१ए आणि क्लिप

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा काळा सीएच३४१ए घेतलात तर एक लक्षात ठेवा. चिपला वीज ३.३ व्होल्ट जाते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. बऱ्याच चिपा सोसतात, म्हणून लोक वापरतात. सोसतातच असं नाही. मीटर लावून बघा आणि जमलं तर ३.३ ला बदल करून घ्या. लॅपटॉपमध्ये नावाच्या शेवटी ‘एफडब्ल्यू’ असलेली विनबाँड चिप असेल (डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू वगैरे) तर ती १.८ व्होल्टची. तिला मधला अडॅप्टर न लावता जोडलीत तर चिप संपली.

बोर्डची वीज पूर्ण काढा, सीमॉसचा (बायोसच्या सेटिंग जपणारा) सेलही. चिपला पकडणाऱ्या क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे, तो पिन १. तीनदा वाचा, तिन्ही फाइलींचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) जुळला तरच पुढे. जुळत नसेल तर बहुतेक वेळा क्लिपमधून जाणारी वीज बोर्डचा चिपसेट ओढून घेत असतो. डेस्कटॉपवर पुष्कळदा आठ पायांची चिप सॉकेटमध्ये असते, सरळ काढून प्रोग्रामरमध्ये बसवा. नाहीतर तार आखूड करा.

असूसच्या कॅप फाइली

कॅप फाइलच्या सुरुवातीला २,०४८ बाइटचं वेष्टन असतं. ८ एमबीच्या बायोसची कॅप ८३,९०,६५६ बाइट भरते. प्रोग्रामरने लिहायची तर हे वेष्टन कापून फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची करायची. न कापता लिहिलीत तर सगळंच २ केबीने सरकतं आणि एफआयटीसकट काहीच जागेवर राहत नाही. यूएसबी बायोस फ्लॅशबॅकचं बटण (पेनड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं) असेल तर उलट, वेष्टन ठेवायचं. पुष्कळ जुन्या बोर्डांवर फ्लॅशबॅक कंपनीची डिजिटल सही न तपासता बदललेली फाइल घेतं. बायोसच्या आतलं अपडेटचं साधन मात्र नाकारतं.

७७५ सॉकेटवर झिऑन ई५४५०

इथे एफआयटीची कटकट नाही. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये सीबीरॉम या साधनाने ‘एनसीपीयूकोड’ (मायक्रोकोड असलेला भाग) बाहेर काढायचं, त्यात भर घालून परत बसवायचं. फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. ई५४५० या सर्व्हरच्या प्रोसेसरचा ई० स्टेपिंग (चिपची सुधारित आवृत्ती) म्हणजे १०६७ए, आणि हा सीपीयूआयडी बायोसमध्ये आधीपासून दिसतो, कारण ७७५ चे कोअर २ क्वॉडही तेच सांगतात. मग लोक म्हणतात, आहे की! नाही. डेस्कटॉपचा प्लॅटफॉर्म ११, झिऑनचा ४४. मायक्रोकोड दोन्ही जुळल्याशिवाय भरला जात नाही. ४४ वाला, ८,१९२ बाइटचा, वेगळा घालावा लागतो. तो नसला की एसएसई ४.१ (प्रोसेसरच्या जास्तीच्या सूचनांचा संच) गायब असतं आणि चालू होताना बोर्ड प्रोसेसर ओळखत नसल्याची कुरकुर करतं. सी० स्टेपिंग असेल तर १०६७६ चा घाला. जागेसाठी पेंटियम ४ च्या काळातले दोन-चार खुशाल काढा.

बूट गार्ड असलेले लॅपटॉप

चौथ्या पिढीपासून पुढे, विशेषतः लॅपटॉपमध्ये, बूट गार्ड (बायोसचा ठरावीक भाग बदललेला दिसला तर मशीन चालू न होऊ देणारी सोय) चालू असू शकतं. यूईएफआयटूल एनई सुरक्षित भाग रंगवून दाखवतं. तुमचा मायक्रोकोड त्या रंगात असेल तर विषय संपला, प्रोग्रामरनेही काही होणार नाही. बाहेर असेल तर जमतं, पण एफआयटी स्वतः आत असू शकतं. अशा वेळी पत्ते न हलवता त्याच जागेत मावणारा मायक्रोकोडच चालेल.

तेराव्या-चौदाव्या पिढीवाल्यांसाठी (बी०६७१)

व्होल्टेजच्या प्रकरणात (जास्त व्होल्टेजने हे प्रोसेसर बिघडत होते) ‘लिनक्स भरतंय ना, मग बायोस कशाला’ हे चालत नाही. ऑगस्ट २०२४ ची आवृत्ती १२९ (१.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारी) आणि त्यानंतरची १२बी, यांतला व्होल्टेजचा इलाज बायोसने एफआयटीतून भरला तरच लागू होतो. नंतर चढवला तर आवृत्तीचा आकडा बदललेला दिसतो आणि इलाज मात्र होत नाही. या बोर्डांना कंपनीचं बायोस अजून मिळतंय, तेच टाका. इथे मॉडिंगची हौस नको.

एएमडीच्या रायझनवर हेच जमतं का, असं विचारलं होतं कुणीतरी

झेनपासून (रायझनची पहिली रचना) पुढे मायक्रोकोड अजेसाच्या (बायोसमध्ये घालायला एएमडी देते ते सॉफ्टवेअर) गठ्ठ्यासोबत येतो आणि सुरुवातीचा ताबा पीएसपीकडे (आतला सुरक्षेचा प्रोसेसर) असतो. यूबीयूने इंटेलसारखं उचलून ठेवता येईल ही अपेक्षा ठेवू नका. नवीन अजेसा असलेलं बायोस शोधा.

फ्लॅश झाल्यावर

सीमॉस पुसा. पहिल्यांदा चालू होताना मेमरीची जुळवाजुळव नव्याने होते, मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं. त्या वेळी बटण दाबून ठेवू नका, पाच मिनिटं थांबा. मग रजिस्ट्रीतल्या त्या दोन नोंदी बघा. ‘प्रीव्हियस’मध्ये नवा आकडा आला तरच बायोसने भरला. तिथे जुनाच असेल आणि दुसरीकडे नवा, तर तो विंडोजचा आहे. म्हणजे एफआयटीतला पत्ता परत तपासायचा.