मदत हवी आहे: वायफायचा नकाशा समुद्रात जातोय!

सुपारी_कातर: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. आमच्या कर्वेनगरातल्या वायफायचा नकाशा करायचाय. लॅपटॉपवर किस्मेट (आसपासची वायफाय नेटवर्कं ऐकून नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावलं, यूएसबीचा जीपीएस खोचला, सगळं सॅकमध्ये टाकून स्कूटरवरून दोन फेऱ्या मारल्या. नेटवर्कं ४१२ सापडली, पण क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) सगळी एकाच ठिपक्यावर, तेही आफ्रिकेजवळ समुद्रात! लवकर सांगा, रविवारी परत निघायचंय.

नाना_ठाणे: एवढा खटाटोप कशाला? फोनवर विगलचं वायफाय नोंदवणारं ॲप टाका, खिशात ठेवा, फिरा.

उबुंटूप्रेमी: नाना, त्यांनी लॅपटॉपचं विचारलंय. कातरराव, अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य म्हणजे तोच समुद्र. किस्मेटला जागा कळलीच नाही. लिनक्सचा डिस्ट्रो (प्रकार) कुठला? जीपीएस कुठला? जीपीएसची स्थिती दाखवणारी सीजीपीएस कमांड काय दाखवते?

सुपारी_कातर: डेबियन. यू-ब्लॉक्स ७. दिवा लागलाय, पण 'नो फिक्स', म्हणजे जागा सापडलेली नाही.

उबुंटूप्रेमी: कुठे बसून बघताय?

सुपारी_कातर: हॉलमध्ये. कुठे बसणार?

उबुंटूप्रेमी: अहो, डोक्यावर स्लॅब आहे! गच्चीत जा.

वकील_नाही_पण: दुसऱ्याच्या वायफायमध्ये घुसणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. सांभाळा.

उबुंटूप्रेमी: घुसतंय कोण? राउटर स्वतःच सेकंदाला दहाएकदा आपलं नाव ओरडतो, ते नुसतं ऐकायचं.

सुपारी_कातर: गच्चीत दीड मिनिटात फिक्स आला! किस्मेटमध्ये मात्र अजून शून्यच.

डेबियनचा_जावई: किस्मेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीएसडीची (जीपीएसकडून जागा घेऊन इतर प्रोग्रामना देणारा प्रोग्राम) ओळ आहे, पोर्ट २९४७ वाली. तिच्या सुरुवातीचा हॅश (#) काढलात का? तो असला की ती ओळ वाचलीच जात नाही. आणि स्कूटर हळू चालवा. एकच वायफाय कार्ड ऐकताना सेकंदाला पाच चॅनेल बदलतं, २.४ गिगाहर्ट्झचे १३ फिरायलाच अडीच सेकंद जातात, वर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे. चाळीसच्या स्पीडने बरीच नेटवर्कं निसटतील.

नाना_ठाणे: म्हणून म्हणतो, ॲप टाका.

मोगरा_७८: विषय निघालाच आहे तर, आमच्या बेडरूममध्ये रेंज येत नाही. राउटर फ्रिजवर ठेवलाय. नवीन घ्यावा का?

सुपारी_कातर: हॅश होता. 🙈 आता ठिपके कर्वेनगरात पडतायत. पण आमचाच राउटर शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कसा?

डेबियनचा_जावई: ती राउटरची जागा नाही, तुम्ही जिथून जिथून ऐकलंत त्या जागांची सरासरी आहे. एकाच रस्त्यावरून गेलात तर ठिपका त्या बाजूला सरकणारच. मागच्या गल्लीतूनही फेरी मारा.

सुपारी_कातर: मागच्या गल्लीत कुत्री आहेत हो.