ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलू की नको? (मदत हवी आहे)

रानवाट: मंडळी, तातडीने सल्ला हवाय. गाडीचं रनिंग ९५,००० झालंय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं, हात लावू नका. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, फिल्टरसकट लगेच बदला. शनिवारी आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय. कुणाचं ऐकू?

डिझेलदादा: अहो, गाडी कुठली? ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा), सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) की एएमटी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. काही त्रास जाणवतोय का तेही लिहा.

सह्यकडा: एएमटी असेल तर निर्धास्त राहा. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. मात्र चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. हँडब्रेक लावायची सवय करा.

रानवाट: एएमटी नाही हो! इनोव्हा क्रिस्टा, २०१८, डिझेल.

मुळशीकर: म्हणजे २.८, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर. लाइफटाइमवर विश्वास ठेवू नका. उदाहरणच घ्या, झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवते. गाडीवाले लाइफटाइम म्हणत असले, तरी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. क्लच प्लेटांची झीज ऑइलमध्ये उतरते आणि उष्णतेने ऑइलचा कस जातो. आपल्याकडचं ट्रॅफिक आणि घाट बघता मी तर ६०,००० लाच बदलतो. सरळ मशीनने फ्लश करून घ्या, जुनं ऑइल जवळपास सगळं निघतं.

डिझेलदादा: बदला, पण फ्लश नको. एवढ्या रनिंगनंतर साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलणाऱ्या ऑइलच्या बारीक वाटांत) अडकू शकते. ड्रेन करून, म्हणजे खालून निघेल तेवढंच काढून, नवीन भरा. कन्व्हर्टर आणि कूलरमधलं ऑइल तसंच राहतं, एका वेळी साधारण तिसरा हिस्सा निघतो असं धरा. थोड्या थोड्या अंतराने तीनदा केलंत की जुनं ३० टक्क्यांच्या आसपास उरतं.

मुळशीकर: आणि तीनदा ऑइलचे पैसे? दादा, गिअर स्लिप व्हायला लागल्यावर लोक फ्लश करतात, बॉक्स बसला की खापर फ्लशवर. तो बॉक्स आधीच गेलेला असतो.

डिझेलदादा: म्हणूनच त्रास काय आहे ते आधी विचारतोय!

गाडीवान: माझ्या ऑक्टाव्हिया २.० डिझेलची डीएसजी (ड्युअल क्लच गिअरबॉक्स) ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची आहे, तिला ६०,००० ला ऑइल आणि फिल्टर. कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट उतरताना डी वर सोडून नुसते ब्रेक दाबत बसू नका, हाताने खालचा गिअर धरा.

रानवाट: सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलका झटका बसतो. गरम झाली की काही नाही. ऑइलचा रंग बघायचा होता, पण डिपस्टिकच (ऑइल बघायची पट्टी) सापडत नाहीये.

डिझेलदादा: हे आधी सांगायचं ना! डिपस्टिक नाहीच या बॉक्सला. गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला हवं. मग खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडायचा, धार थांबून थेंबांवर आली की बंद. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं, मेकॅनिककडे तो आहे का विचारा. नसेल तर त्याच्याकडे करू नका. ऑइल टोयोटाचं डब्ल्यूएस प्रकारचंच हवं, जुन्या टोयोटांचं टी-फोर चालणार नाही. गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर खोलल्यावर समोर उभे राहा. आतल्या लोहचुंबकांवर करडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत तुकडे दिसले तर कोल्हापूरला दुसरी गाडी न्या.

मुळशीकर: हे सगळं मान्य. शुक्रवारपर्यंत मात्र थांबू नका. आजच करा, दोन दिवस गावातच फिरवा आणि रोज सकाळी गाडीखाली थेंब पडलेत का बघा.

रानवाट: स्कॅनर आहे त्याच्याकडे, आत्ताच फोन केला. दुपारी गाडी नेतोय. फ्लश नाही, ड्रेनच. चेंबरचे फोटो टाकतो.

डिझेलदादा: निघालेलं ऑइल मोजून घ्या. तेवढंच भरायचं, मग प्लगने लेव्हल. गॅस्केट नवीनच लावायला सांगा.

चिंचेचं_पान: वेगळा धागा काढत नाही. माझी होंडा सिटी सीव्हीटी आहे, ३८,००० झालेत. हेच डब्ल्यूएस चालेल का?

डिझेलदादा: अजिबात नाही! सीव्हीटीचा पट्टा पुलीवर घसरू नये ही जबाबदारी ऑइलवरच असते. तुमच्या गाडीला होंडाचं सीव्हीटी ऑइल एचसीएफ-२ च, आणि ४०,००० ला बदला. मॉडेल कुठल्या वर्षाचं?